आधी कागद, मग पाया

(कडेगाव येथे घरबांधणीच्या परवान्याविषयी झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आया-बहिणींनो, भावांनो आणि वडीलधाऱ्या मंडळींनो,

आजचा विषय रूक्ष आहे. नगरपंचायतीकडे घर बांधण्याचा परवाना कसा मागायचा, त्याला काय काय लागते, तो अडला तर काय करायचे आणि घेतलाच नाही तर काय होते, एवढेच मी बोलणार आहे. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण म्हणतो. लग्नाची यादी आपण सहा महिने आधीपासून करतो. घराची यादी मात्र वाळू, खडी, सिमेंट आणि सळी एवढ्यावर थांबते. त्या यादीत कागदाला पहिली जागा द्या, हे सांगायला मी उभा आहे.

कडेगावचे नाव निघाले की बाहेरचा माणूस ताबुतांबद्दल विचारतो. बांबूचे, शंभर फुटांहून उंच, हिंदू आणि मुसलमान दोघांच्या हातांनी बांधलेले. त्यांच्या बांधणीविषयी ‘आधी कळस, मग पाया’ असे सांगतात. ताबुताला ते शोभते. तो थोड्या दिवसांसाठी उभा राहतो आणि त्याला सावरायला सगळे गाव असते. घर तीन पिढ्यांसाठी उभे करायचे असते, आणि अडचणीच्या दिवशी ते सावरायला गाव येईलच असे नाही. तरीही आपली बरीच घरे कळसापासून सुरू होतात. आधी स्लॅब पडतो, मग घरपट्टी लागते, मग विजेचे मीटर येते. कागदाची आठवण नोटीस आल्यावर होते.

ग्रामपंचायत गेली, सवय राहिली

आपल्या ज्येष्ठांना ग्रामपंचायतीचा काळ आठवतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही बांधकामाला परवानगी लागत होतीच. पण व्यवहारात सरपंचाच्या कानावर घातले, ग्रामसेवकाला सांगितले की काम सुरू व्हायचे. आता इथे नगरपंचायत आहे. खेड्याचे शहर होत असलेल्या गावासाठी कायद्याने ही व्यवस्था केली आहे. नगरपंचायत आली म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आपल्या गल्लीत आला. परवान्यावर सही मुख्याधिकाऱ्याची असते. नगरसेवक ‘बांधा, मी बघतो’ म्हणाला, तर त्याचा हेतू चांगला असेल. पण त्याचा शब्द म्हणजे परवाना नव्हे. पाच वर्षांनी तो निवडून येईल की नाही, हे त्यालाही माहीत नसते.

दुसरा गैरसमज घरपट्टीचा. ‘वीस वर्षे घरपट्टी भरतोय, पावत्या आहेत,’ असे लोक छाती ठोकून सांगतात. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे. ती मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम मंजूर असल्याचाही नाही. विनापरवाना घरालाही कर लागतो, वर शास्तीही लागू शकते. दंड भरला म्हणजे घर नियमित झाले, असे होत नाही.

फाइलचे पहिले पान : जागा कोणाची?

अर्जाला काय लागते ते सांगतो, लिहून घ्या. सातबारा किंवा मिळकत पत्रिका. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा. जागा कोणत्या झोनमध्ये आहे याचा दाखला. जागेपर्यंत पोहोचणारा रस्ता. आणि परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने सही केलेला बांधकामाचा नकाशा. त्यावर छाननी शुल्क आणि विकास शुल्क. बांधकाम कामगारांसाठी खर्चाच्या एक टक्का उपकर असतो. पण स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या, ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाच्या घराला तो लागू नाही. हे माहीत नसल्याने गरीब माणूसही तो निमूटपणे भरतो.

अकृषिक परवान्याचा बाऊ अजून केला जातो. मंजूर विकास योजनेच्या क्षेत्रात आणि गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंत कायद्याने आता पूर्वीसारखा स्वतंत्र बिनशेती आदेश लागत नाही. ठरलेली रक्कम भरायची असते. तेव्हा ‘एनए करून देतो, इतके लाख लागतील,’ असे कोणी म्हणाले, तर आधी तलाठी आणि तहसील कार्यालयात चौकशी करा.

टेंभू योजनेचे पाणी या तालुक्यात आले, रस्ते रुंद झाले, तशा जमिनींच्या किमतीही वाढल्या. मग गुंठ्याचे व्यवहार सुरू झाले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मजुरी करून, भाजी विकून, रिक्षा चालवून आयुष्यभर साठवलेल्या पैशातून माणूस तो एक गुंठा घेतो. व्यवहार कशावर? नोटरीच्या कागदावर. सातबारावर नाव मूळ मालकाचेच राहते. नोटरीने सह्या खऱ्या असल्याचे पाहिले, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते. तुकडेबंदी कायद्यामुळे छोट्या तुकड्यांची खरेदी अडायची, म्हणून लोक नोटरीकडे वळले. शासनाने गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा केला आणि पुढे २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. ज्यांची जागा त्यात बसते त्यांनी ती नियमित करून घ्यावी. नव्याने जागा घेणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे : बयाणा देण्यापूर्वी मंजूर ले-आउटचा नकाशा मागा. तो नसेल तर स्वस्त प्लॉट पुढे महाग पडतो.

फाइलचे दुसरे पान : बहीण

आता जो मुद्दा कार्यालयाबाहेर कोणी काढत नाही, त्याकडे येतो. आपल्यातल्या निम्म्या फायली इंजिनिअरकडे पोहोचण्याआधी घरातच अडतात. वडील वारले, सातबारावर वारसनोंद झाली नाही, किंवा झाली तर फक्त मुलग्यांची झाली.

हिशेब मांडून दाखवतो. समजा, वडिलांच्या नावावर चार हजार चौरस फूट जागा आहे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे पाचशे चौरस फूट. उरलेल्या साडेतीन हजारांत मुलग्याला दोन वाटे आणि मुलीला एक. म्हणजे प्रत्येक मुलाला चौदाशे आणि मुलीला सातशे. मुलीचा वाटा निम्मा का, ही चर्चा आपण नेहमी करतो आणि ती करायलाच हवी. आज मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. ते सातशे फूटही तिच्या हातात पडत नाहीत. आणि ते नाहीसे होण्याची नेमकी वेळ कोणती? भावाला घर बांधायचे असते ती.

होते असे. भाऊ नगरपंचायतीत जातो. तिथे सांगतात, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा. भाऊ बहिणीला बोलावतो, दुय्यम निबंधक कार्यालयात नेतो आणि म्हणतो, ‘परवान्यासाठी सही पाहिजे.’ ती सही करते. कागद असतो हक्कसोडपत्र. त्या सहीने तिचा वाटा कायमचा गेला. तिला वाटते आपण भावाला घर बांधायला मदत केली.

बहिणींनो, संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र यांतला फरक लक्षात ठेवा. भावाने बांधायला माझी हरकत नाही, एवढे सांगणारे ते संमतीपत्र. त्याने तुमचा हिस्सा जात नाही. मी माझा हिस्सा सोडते, असे सांगणारे ते हक्कसोडपत्र. बांधकाम परवान्यासाठी सहहिस्सेदाराची संमती लागते. तिचा वाटा लागत नाही. वाटा सोडायचा असेल तर खुशीने, समजून, वाचून सोडा. पण परवान्याच्या नावाखाली कोणी तो घेऊ नये. आणि भावांनो, बहिणीचे सातशे फूट मोजून बाजूला ठेवणे किंवा त्याचे पैसे देणे जमत असेल, तर वाटपपत्र करून आपल्या हिश्श्यावर अर्ज करणे हा सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे.

आणखी एक. आपल्याकडे थोरला भाऊ ‘मी कर्ता आहे’ म्हणून सगळ्यांच्या वतीने सही करतो. हिंदू एकत्र कुटुंबात कर्त्याला कायद्याने स्थान आहे. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता नसतो. बाप गेला त्या क्षणी प्रत्येक वारस आपापल्या हिश्श्याचा मालक होतो. थोरल्याच्या सहीने धाकट्याचा हिस्सा बांधला जात नाही. या भागातली पुष्कळ माणसे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली आहेत, काही आखातात आहेत. त्यांच्याकडून रीतसर कुलमुखत्यारपत्र मागवा. फोनवर ‘हो’ म्हटलेले फाइलला लावता येत नाही.

तोंडी हिब्याचेही तसेच. आपल्या कायद्यात तोंडी बक्षीस चालते : देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा. पण दादांनी पंचांसमोर दिलेला हिबा पंच जिवंत आहेत तोवर सोपा असतो. पंच गेले की तो सिद्ध करताना कोर्टात पिढी जाते. हिबा लिहून घ्या, जमले तर नोंदवा आणि लगेच फेरफार करून घ्या.

अर्जापासून भोगवट्यापर्यंत

डिसेंबर २०२० पासून राज्यात बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे. मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रे सोडली तर तीच सगळीकडे चालते. छोट्या माणसासाठी तिच्यात एक मोठी सोय आहे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांपर्यंत असेल आणि ठरावीक उंचीचे राहते घर बांधायचे असेल, तर मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नियमात बसणारा, अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा आणि मालकीचे कागद दाखल करायचे, शुल्क भरायचे. ती पावती हाच परवाना. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी दहा दिवसांत परवाना द्यायचा आहे. आपल्या एका गुंठ्याचे घर पहिल्या गटात येते. पण भूखंड कायदेशीर असला तरच. म्हणून मी मघापासून जागेच्या कागदावर एवढा वेळ घालवला.

गावठाणातल्या दाट वस्तीसाठी नियम वेगळे आणि थोडे सैल आहेत. इंजिनिअरला ते विचारा. आणि नकाशा तुम्हाला कळेल अशा शब्दांत समजावून घ्या. संडास कुठे, जिना कुठे, शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर, हे घरातल्या बाईने नकाशावर बोट ठेवून विचारले पाहिजे. नकाशात एक आणि जागेवर दुसरे, असे झाले की परवाना असूनही बांधकाम बेकायदा ठरते.

मोठ्या भूखंडाचा अर्ज नेहमीच्या मार्गाने जातो. कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. त्रुटीचे पत्र आले तर तुमच्या उत्तरापासून साठ दिवस मोजायचे. मुदतीत काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण सावध राहा : नकाशा विकास योजनेत आणि नियमांत तंतोतंत बसत असेल तरच हे मानीव परवान्याचे कलम उपयोगी पडते. एकसष्टाव्या दिवशी नुसता नारळ फोडू नका, आधी वकिलाला विचारा.

म्हणून अर्ज तोंडी किंवा एजंटच्या हाती सोडू नका. पोच घ्या. त्रुटी असतील तर लेखी मागा. ‘साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या,’ याची कुठेच नोंद होत नाही, पोचपावतीची होते. नकार आला तर चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आणि दहा रुपयांच्या माहिती अर्जावर तुमची फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती, ते तीस दिवसांत कळते. एवढे केले की फाइल पुढे ढकलण्यासाठी पाकीट द्यावे लागण्याची वेळ बरीच टळते.

परवाना मिळाल्यावर त्याचे नूतनीकरण विसरू नका. व्याजाचे कर्ज नको म्हणून किंवा बँक दारात उभी करत नाही म्हणून आपल्यातले पुष्कळ जण जसे पैसे येतील तसे बांधतात. एका वर्षी जोते, दोन वर्षांनी भिंती, मुलगा कमावता झाला की स्लॅब. त्यात गैर काही नाही. पण परवाना एक वर्षाचा असतो, दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो आणि एकूण चार वर्षांत काम सुरू व्हावे लागते. जोते झाले की तपासणी करून घ्या. घर पूर्ण झाले की भोगवटा प्रमाणपत्र घ्या. १७ डिसेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचे कर्ज पूर्णत्वाचे किंवा भोगवट्याचे प्रमाणपत्र पाहूनच द्यावे, आणि वर्षानुवर्षे वापर झाला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळतात. त्यालाही जागेचा कागद लागतो, आणि घर घरातल्या स्त्रीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावे लागते. म्हणजे बहिणीचा मुद्दा इथेही पुन्हा येतो.

नागपूरहून शिकण्याचा धडा

‘आजवर कोणी विचारले नाही, आता कोण विचारणार?’ असे तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल. नागपूरकडे पाहा. १७ मार्च २०२५ ला तिथे दंगल झाली. आठवडाभरात, २४ मार्चला, एका आरोपीच्या कुटुंबाचे घर महापालिकेने पाडले. नोटिशीत कारण होते : बांधकामाचा नकाशा मंजूर नाही. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर ते घर जमीनदोस्त झाले होते. पुढे महापालिका आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. माफीने भिंती उभ्या राहत नाहीत.

ही कारवाई चुकीची होती, कारण १३ नोव्हेंबर २०२४ लाच सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले होते. आधी कारणे दाखवा नोटीस, तीही नोंदणी डाकेने, घरावर चिकटवून, आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवून. उत्तराला पंधरा दिवस. प्रत्यक्ष सुनावणी. कारणांसह आदेश. आदेशानंतरही पंधरा दिवस थांबायचे. पाडताना चित्रीकरण. आरोपी आहे एवढ्या कारणावरून कोणाचे घर पाडता येत नाही. मात्र रस्ता, पदपथ, नदी-ओढा अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला आणि न्यायालयानेच दिलेल्या पाडकामाच्या आदेशाला हे संरक्षण नाही.

हे नियम पाठ करा. नोटीस आली तर ती नाकारू नका, फाडू नका. तारीख घाला, फोटो काढा, मुदतीत लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा. पण त्याआधीचे खरे संरक्षण तुमच्या हातात आहे. गावात शेकडो घरांना नकाशा नसतो आणि वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही. ज्या दिवशी कोणाला विचारायचे असते, त्या दिवशी ते कोणाला विचारायचे हे निवडले जाते. अशा निवडीच्या वेळी कमजोर माणूस सापडतो. मंजूर नकाशा घरात असला म्हणजे अन्याय होणारच नाही असे नाही, पण अन्याय करणाऱ्याचे पहिले निमित्त तरी जाते.

गल्ली सगळ्यांची

हक्काबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पायरी दोन फूट पुढे, ओटा तीन फूट, त्यावर जिना, जिन्याखाली पाण्याची टाकी. असे करत आपणच गल्ली गिळतो. मग रात्री रुग्णवाहिका आत येत नाही, आग लागली तर बंब येत नाही. ज्या गावात शंभर फुटी ताबूत रस्त्यातून मिरवत नेले जातात, त्या गावाला रस्ता मोकळा ठेवण्याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको. समासातली जागा सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतला वारा सोडणे. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण ऐकत आलो आहोत. त्याचे मोजमाप नकाशात फुटांत लिहिलेले असते.

आणि घराच्या परवान्यावर मशीद किंवा मदरसा बांधू नका. धार्मिक बांधकामाला जिल्हा प्रशासनाची वेगळी परवानगी लागते आणि वक्फची जागा असेल तर वक्फ मंडळाचीही. घर म्हणून मंजूर केलेल्या जागेचा वापर बदलला की सगळ्या मोहल्ल्यावर बोट ठेवायला जागा मिळते. मागायचे ते उघडपणे मागा. तो आपला नागरिक म्हणून हक्क आहे.

या महिन्यात प्रत्येक घराने चार कामे करावीत एवढीच विनंती आहे. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि त्यावर कोणाची नावे आहेत ते सगळ्यांना, घरातल्या बायकांनाही, वाचून दाखवा. वारसनोंद राहिली असेल तर आई आणि बहिणींच्या नावांसह करा. जुना परवाना, ग्रामपंचायतीचा असला तरी, शोधून त्याच्या दोन प्रती काढा. आणि घर आधीच विनापरवाना बांधलेले असेल, तर ते नियमित होऊ शकते का, हे आता, शांततेच्या दिवसांत, अभियंत्याला विचारा. इथे बसलेल्या तरुण मुला-मुलींपैकी दहा जणांनी जरी अर्ज लिहायचे आणि पोच घ्यायचे काम शिकून घेतले, तर एजंटला दिला जाणारा बराच पैसा घराच्या विटांत जाईल.

प्रश्न असतील तर आता विचारा. कागद सोबत आणले असतील तर पुढे या, एकेक करून पाहू.